मी उकळून काढलेलं विरजण

माझी नात जंतूंचा अभ्यास करते आणि मला दीर्घायुषी करायचं तिनं मनावर घेतलं आहे. गेल्या महिन्यात ती ग्वाल्हेरला आमच्या थाटीपुरच्या घरी एक डबी घेऊन आली. डबीत कॅप्सूल. एकेका कॅप्सूलमध्ये कोट्यवधी चांगले जंतू आहेत, म्हणाली. मी विचारलं, मोजले कुणी. "आजी, तू ना, हर बात में," एवढं बोलून ती थांबली. माझ्यासमोर हिंदीत वाक्य संपवायचं नाही, हा घरातला नियम तिला ठाऊक आहे. सुरू केलं तर चालतं.

मग तिनं विजेच्या बिलाच्या पाठीवर माझं आतडं काढून दाखवलं. आतड्याला आतून अस्तर असतं आणि ते फक्त एका पेशीइतकं जाड असतं. कांद्याच्या पापुद्र्यासारखं समज, म्हणाली. पेशी एकमेकींना खेटून उभ्या असतात, मध्ये फट नसते. त्यांच्यावर बुळबुळीत थर, मेथ्या भिजवल्यावर येतो तसा. आपण पोटात काय काय ढकलतो, त्यातलं काही विषारी असतं, आणि वाईट जंतू आत बसून स्वतःही विष तयार करतात. अस्तर धड असलं तर ते बहुतेक सगळं बाहेर वाहून जातं. पेशींमध्ये फटी पडल्या की ते रक्ताकडे झिरपतं. चांगले जंतू वाईटांना बसायला जागा देत नाहीत, आणि आपल्याला न पचणारा चोथा खाऊन त्याचं एक सौम्य आम्ल करतात, ते त्या अस्तराचं खाणं. चोथाच मिळाला नाही तर काही जंतू तो बुळबुळीत थर खायला लागतात. म्हणून जंतूही हवेत आणि जंतूंना जेवणही हवं.

"हे सगळं सिद्ध झालंय?" मी विचारलं.

"थोडं उंदरांत, थोडं माणसांत. बरंचसं 'असू शकेल' आहे, आजी. कुठला जंतू, कुणाचं पोट, त्यावर आहे."

हे मात्र मला आवडलं. 'असू शकेल' म्हणणाऱ्या माणसांवर माझा विश्वास बसतो. मी वीस वर्षांची होते तेव्हा माझ्याजवळ एकही 'असू शकेल' नव्हतं, आणि त्यापायी मी एका घरातलं पिढ्यांचं विरजण ठार मारलं.

आमच्या घरात ही गोष्ट दोन तऱ्हांनी सांगतात. माझा धाकटा मुलगा सांगतो की जुन्या बायकांना सगळं विज्ञान ठाऊक होतं, आपणच विसरलो. थोरला सांगतो की सगळा योगायोग होता, औषधानं बरं वाटलं आणि नाव दह्याचं झालं. दोघांना मी जन्म दिला आहे, पण या बाबतीत दोघांचंही ऐकणार नाही. त्या वेळी ते जन्मले नव्हते. मी होते, आणि गुन्हा माझाच होता.

ते वर्ष मध्यभारत नावाचं राज्य संपण्याचं. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला तेव्हा मी शाळेत होते. त्या वेळी ग्वाल्हेर निदान हिवाळ्याची राजधानी तरी राहिली. उन्हाळ्यात सगळं दफ्तर इंदूरला जायचं, फायली, कारकून आणि कारकुनांच्या वळकट्यांसकट. आता राज्यांची पुनर्रचना होऊन तेही जाणार होतं. सगळं भोपाळला. आमचं जुनं शहर लश्कर. दक्षिणेतून आलेल्या फौजेची छावणी पडली तिथेच ते वसलं आणि नाव छावणीचंच राहिलं. दीडशे वर्षं तिथे बसलेल्या मराठी घरांना कुणीतरी पुन्हा उठा म्हणत होतं. कुणाचं नाव यादीत आलं, एवढाच विषय नई सडकेवर, देवळात आणि नळावर.

आमच्या ह्यांचं नाव आलं. दिवाळीच्या तोंडावर भोपाळला हजर व्हायचं, नाही तर जागा दुसऱ्याला आणि हे फाजील कारकुनांच्या यादीत. फाजील झाल्यावर पुढे काय होतं हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळे त्याला जास्त भीत. घरात कमावते हे एकटे. सासरे आधीच गेलेले. नया बाजारामागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर तीन खोल्यांत आम्ही तिघं, सासूबाई, हे आणि मी. खाली ह्यांच्या चुलत काकू.

मी नवी सून, इंटर सायन्स पास. गल्लीत माझ्याइतकं शिकलेली दुसरी सून नव्हती आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. कॉलेजात सूक्ष्मदर्शक एकच होता. तो मुलींच्या वाट्याला वर्षातून दोनदा यायचा. एकदा मास्तरांनी तळ्याच्या पाण्याचा थेंब दाखवला. त्यात काहीतरी शेपट्या हलवत पळत होतं. त्या दिवसापासून माझ्या लेखी जगात दोनच पक्ष उरले: एकीकडे जंतू, एकीकडे मी. माझं शस्त्र लाल दवा. पाण्यात टाकली की गुलाबी रंग सुटतो, ती. भाजी तिच्यात, भांडी तिच्यात, एकदा सासूबाईंची जपमाळसुद्धा तिच्यात. सासूबाई तेव्हा म्हणाल्या, "देवालाही जुलाब होतात वाटतं."

सासूबाईंचं स्वयंपाकघर सोवळ्याचं, आणि त्यातही दह्याचं भांडं वेगळं, दगडाचं, जड, आतून गुळगुळीत झालेलं. त्या घरातून विरजण मागायला कधी कुणी कुणाकडे गेलं नव्हतं. इतरच आमच्याकडून नेत. दर उन्हाळ्यात हे इंदूरला निघाले की त्या ह्यांच्या ट्रंकेत एक फडकं ठेवत. दह्यात बुडवून सावलीत वाळवलेलं, पिवळट, पापडासारखं कडक. तिथे पोचल्यावर कोमट दुधात ते घालायचं की सकाळी घरचं दही तयार. एक वाळलेलं फडकं घरी कायम फडताळात असे, कधी भांड्यातलं बिघडलं तर म्हणून.

सासूबाईंचा आणखी एक हट्ट होता. नुसतं ताक त्या कुणाला पिऊ देत नसत. बरोबर शिळी ज्वारीची भाकरी कुस्करून, नाहीतर गार भात, सातूचं पीठ, काहीतरी हवंच. म्हणायच्या, "नुसतं ताक पोटात उपाशी बसतं." हे ऐकून मी माहेरी जाऊन हसले होते. माझ्या बहिणीला नक्कल करून दाखवली होती, ताक कसं पोटात मांडी घालून पानाची वाट बघत बसतं त्याची. नक्कल चांगली करायचे मी. अक्कल नव्हती, पण नक्कल होती.

श्रावणात बदलीवर जाणाऱ्या लोकांना दफ्तरातल्यांनी निरोपाचं जेवण दिलं. पाणी कुठलं होतं देव जाणे. जेवलेल्यांपैकी चार-पाच जण आजारी पडले, आणि आमचे हे सगळ्यांत जास्त. आव, रक्त, ताप. तिसऱ्या दिवशी उठून बसता येईना. नई सडकेवरच्या डॉक्टरांनी नव्या गोळ्या दिल्या, आणि त्या गोळ्यांनी हे वाचले. माझ्या धाकट्या मुलानं हे वाक्य दोनदा वाचावं. त्या आठवड्यात ताक, आंबील, अंगारा, कशानंही ते वाचले नसते. आग लागली की पाणीच लागतं. घर पुन्हा कसं बांधायचं ते नंतरचं काम.

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: दूध-दही बंद, अरारोट आणि भाताची पेज. खाली लिहिलं होतं, आठ दिवस.

आता खरं सांगते. 'आठ दिवस' मी वाचलं होतं. माझ्या सासूबाईंना देवनागरीतली पोथी वाचता यायची, डॉक्टरांचं अक्षर नाही. ह्यांना डोळे उघडायची ताकद नव्हती. कागद माझ्या हातात. मला वाटलं, डॉक्टर भिडस्त आहेत, म्हाताऱ्या बाईला एकदम दुखवायला नको म्हणून आठ दिवस लिहिलं असेल. शास्त्र तर कायमचंच बंद म्हणतं. मी मोठ्यानं वाचलं, "दूध-दही बंद." आणि कागदाची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई देवळात गेल्या तेव्हा मी दह्याचं दगडी भांडं रिकामं केलं, घासलं, लाल दवेनं काठोकाठ भरलं. मग फडताळ उघडलं. कोपऱ्यात ते पिवळट फडकं. वास घेतला, आंबट. ह्यांच्या आजाराचं मूळ सापडलं अशी माझी खात्री झाली. सोडा घालून ते मी पाव तास उकळलं, साबणानं धुतलं, निळीच्या पाण्यातून काढलं, उन्हात वाळवलं आणि इस्त्री केली. इस्त्री, हो. चार पदरी घडी घालून ठेवलं. आयुष्यात मी इतकं पांढरं फडकं पुन्हा पाहिलं नाही.

सासूबाई आल्या. भांड्यात बघितलं. दगड आतून तपकिरी पडला होता. मग घडी हातात घेऊन नाकाशी नेली.

"हे काय केलंस?"

"जंतू मारले, आई."

"सगळे?"

"सगळे," मी म्हणाले. अभिमानानं.

त्या पाटावर बसल्या. म्हणाल्या, "डॉक्टरांच्या कागदात हे होतं?"

"डॉक्टरांच्या कागदात हेच होतं."

पोराच्या जिवाशी गाठ होती, म्हणून कागदापुढे त्या गप्प बसल्या. त्या दिवसापासून त्यांनीही भात ताकाशिवाय खाल्ला. कोरडा घास गिळताना त्या पाण्याचा पेला उचलत, आणि मला वाटे, चला, सुधारणा झाली.

ताप गेला, रक्त थांबलं, आव गेली. पण पोट परत आलं नाही. हे पेज खात आणि ती जशीच्या तशी निघून जाई. वरणाचं पाणी दिलं तर पोटात मुरडा. अंगावर काही ठरेना. गालांची हाडं दिसायला लागली. मी आणखी उकळत गेले. पेजेचे तांदूळ उकळून, पेज गाळून, गाळलेली पुन्हा उकळून. फळ नाही, भाजी नाही, कोंडा नाही, चोथा नाही. नातीच्या विजेच्या बिलावरच्या चित्राकडे बघताना मला तेच आठवत होतं: गोळ्यांनी वाईटांबरोबर चांगलेही गेले असतील, उरलेसुरले मी उपाशी मारले, आणि अस्तराच्या त्या एकपदरी भिंतीला दोन महिने कुणी डागडुजीला नव्हतं. असू शकेल. त्या वेळी मात्र मी हरताळकेच्या दिवशी खाली काकूंकडे जमलेल्या बायकांना जंतूंवर व्याख्यान देत होते. दही म्हणजे जंतूंची धर्मशाळा, असं म्हणाले होते. बायका उपाशी होत्या, म्हणून कुणी उठून गेलं नाही.

पितृपक्ष संपता संपता एका सकाळी हे हट्टानं जिना उतरायला गेले. भोपाळची तारीख डोक्यात होती. पाचव्या पायरीवर बसले. तिथून वर येता येईना, खाली जाता येईना. मी आणि सासूबाईंनी दोन्ही बगलांत हात घालून वर आणलं. वजन इतकं कमी होतं की मला एकटीलाही जमलं असतं, आणि त्याचीच भीती वाटली.

डॉक्टर आले. पोट दाबून बघितलं, जीभ बघितली. ते हिंदी बोलणारे. म्हणाले, "आव तो कब की गई. अब खिला क्या रही हैं?"

मी यादी सांगितली. ती लांब नव्हती.

"दही, मठा?"

"आपने बंद किया था."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मैंने आठ दिन लिखा था, बहूजी. आठ दिन."

सासूबाईंना हिंदी कळत होती. लश्करात कुणाला कळत नाही? डॉक्टर पुढे म्हणाले की घरचं ताजं दही, पातळ करून, थोडंथोडं सुरू करा, हलवायाचं नको. मऊ भात द्या, केळं द्या, हळूहळू भाकरी द्या. आणि असंच राहिलं तर मला प्रवासाला योग्य असल्याचं लिहून देता येणार नाही. ते गेले तरी मी दाराशी उभीच होते. मागे सासूबाई होत्या.

"मी वाचलं होतं," मी म्हणाले. "आठ दिवस. मला वाटलं, मला जास्त कळतं."

"कळलं," त्या म्हणाल्या. "आता विरजण आण."

आणायचं कुठून. भांडं मेलेलं, फडकं इस्त्री केलेलं. दिवेलागणी व्हायच्या आत म्हणून मी वाटी घेऊन खाली काकूंकडे पळाले. काकू दिव्याची वात सारखी करत होत्या. मी मागितलं. त्यांनी वाटीकडे बघितलं, मग वात पेटवली, अगदी सावकाश.

"दिवा लागला गं. आता विरजण घराबाहेर देत नाहीत."

"काकू, तुम्ही आत्ताच लावलात."

"लागला ना पण? आणि आमच्या धर्मशाळेतले जंतू तुला कशाला? तुमच्याकडे तर सगळं निर्मळ."

उद्या सकाळी ये, असंही त्या म्हणाल्या नाहीत. मी वर आले. रिकामी वाटी बघून सासूबाईंना काय झालं ते कळलं. त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "सकाळी कंपूच्या बाजूला जा. हवालदाराच्या घरी. आपलं विरजण तिथे आहे."

कंपू म्हणजे जुन्या फौजेची वस्ती. संस्थानाची फौज विलीन झाली तेव्हापासून घरी बसलेला एक मराठा हवालदार होता, त्याचं हे घर. आमच्या सोवळ्याच्या ओट्यावर त्या घरचं पाणी चालत नसे. त्याची बायको हळदीकुंकवाला आली तर बाहेरच्या खोलीत बसून जायची. सासूबाई तिला फौजवाली म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. तिथून दही?

"लोक काय म्हणतील, आई?"

"लोक म्हणतील ते म्हणतील. त्यांना भोपाळला हजर व्हायचं नाहीये. कुणी विचारलं तर सांग, मी पाठवलं."

सकाळी गेले. फौजवाली काकी अंगणात भांडी उपडी घालत होती. उंच, रुंद, कपाळावर मोठं कुंकू.

"कोण गं? अच्छा, सायन्सवाली सूनबाई. तुझी कीर्ती इथवर आलीय."

मी म्हणाले, आईंनी पाठवलंय, विरजण हवंय.

"पाठवलंय? तोंडानं म्हणाली की तू आपली आलीस?"

"म्हणाल्या. आपलं विरजण तिथे आहे, असं म्हणाल्या."

काकी हसली. मोठ्यानं नाही, पोट हलेल इतपत. "आपलं म्हणाली? बरं. बैठ. पाट घे." मग आतून ताकाचा लोटा आणला आणि माझ्यापुढे धरला. "आधी हे पी. आमच्या घरचं पोटात चालत नसेल तर नेऊन काय करशील?"

तिला बघायचं होतं. मलाही आता बघायचं होतं. मी लोटा रिकामा केला. ताक आंबट, गार, थोडं जिरं घातलेलं, आणि त्याला आमच्याच घरची चव होती. मी तसं म्हणाले.

"असणारच. पण तुमच्या घरची नव्हे, आमच्या. तुझ्या सासूची सासू, बाळंतपणानंतर पोट धरेना तिचं. वैद्य झाले, व्रतं झाली. मग मागच्या दारानं आली आमच्या आजेसासूकडे. फडकं आमचं. फौजेबरोबर बायका चालायच्या तेव्हाचं. मोहिमेवर भांडं फुटतं, फडकं फुटत नाही."

"आमच्या घरी तर म्हणतात की विरजण कधी कुणाकडे मागितलं नाही."

"म्हणू दे ना. मागितलं नाहीच. मागच्या दारानं नेलं, त्याला मागणं म्हणत नाहीत."

तिनं एका वाटीत विरजण दिलं आणि डब्यातलं एक वाळलेलं फडकंही दिलं. दूध करंगळीला सोसेल इतकंच कोमट हवं, गरम नको, असं दोनदा बजावलं. "तुला गरमच करायची सवय दिसते," म्हणाली. निघताना पदराखाली वाटी झाकायला गेले तर तिनं हात धरला. "झाकू नकोस. नया बाजारातनं उघडी ने."

उघडी नेली. वाटेत दोन ओळखीच्या बायका भेटल्या, दोघींनी वाटीत बघितलं. दोघींना मी सांगितलं कुठून आणली. तेवढं एक काम त्या वर्षात मी नीट केलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "तिथे प्यायलीस?"

"हो."

"मी कधी प्यायले नाही," त्या म्हणाल्या. "सगळं ठाऊक असून. माझ्या सासूनं मला सांगितलं होतं. आणि मी फौजवालीला बाहेरच्या खोलीत बसवत राहिले." मग वाटी घेऊन आत गेल्या. त्या रात्री नव्या मातीच्या भांड्यात दही लागलं.

पहिले दोन दिवस ह्यांना दोन-दोन चमचे पातळ ताक. तिसऱ्या दिवशी त्यात गार मऊ भात. मग केळं. मग सातूचं पीठ, अगदी थोडं. मी पेजेला हात लावायला गेले की सासूबाई म्हणत, "गाळू नकोस." दोनदा त्यांचंही चुकलं; भाकरी घाईनं दिली आणि हे रात्रभर कळवळले. सासूबाई काही सगळं जाणत नव्हत्या. त्या बघत होत्या. काय ठरलं, काय नाही ठरलं, रोज सकाळी मला न विचारता बघत होत्या. अस्तर, पेशी, आम्ल यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होतं असं म्हणणाऱ्यांनी त्यांचा अपमान करू नये. त्यांचं बघणं त्यांच्या कष्टाचं होतं, ते कुठल्या पोथीतून आयतं आलेलं नव्हतं.

ताकानं हे बरे झाले की दिवस गेले म्हणून, की पोटाला शेवटी खरं अन्न मिळालं म्हणून? मला सांगता येत नाही. नातीलाही येत नाही, हे तिनं कबूल केलं. मी एवढंच बघितलं की नवरात्रात हे जिना उतरले. दसऱ्याला उतरून पुन्हा न थांबता चढले. त्यानंतर चार दिवसांनी एकटे नई सडकेपर्यंत जाऊन दाढी करून आले, आणि गालांवर हाडांच्या वर काहीतरी दिसत होतं. डॉक्टरांनी कागद लिहून दिला. तो मी शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचला.

निघायच्या आदल्या दिवशी खालच्या काकू वर आल्या. सगळ्या गल्लीत बोभाटा झालाय म्हणाल्या, फौजवालीकडचं दही ओट्यावर लागतं. निदान पोरगा निघण्याआधी प्रायश्चित्त घ्या, पंचगव्य घ्या.

सासूबाई ट्रंकेत धोतरं ठेवत होत्या. मान वर केली नाही. "घेते की. आधी त्याच्या पोटात गेलेलं तुम्ही परत बाहेर काढून दाखवा. मग घेऊ."

"वहिनी, घराण्याचं सोवळं आहे."

"घराण्याचं विरजणही आहे. ते कुठून आलं, सांगू का सगळ्यांना? हळदीकुंकवाला सांगते. तिला आत ओट्यापाशी बसवून सांगते."

काकू खाली गेल्या. त्या वर्षीच्या हळदीकुंकवाला फौजवाली काकी खरोखरच ओट्यापाशी बसली, आणि निम्म्या बायका आल्या नाहीत. जागा ऐसपैस झाली.

हे एकटेच गेले. माझं जाणं पोटावर अवलंबून होतं, ह्यांच्या. तिथे आठ दिवस राहून, खाऊन, काम करून तब्येत टिकली तर मी, असं ठरलं होतं. स्टेशनवर सासूबाईंनी तीन वेळा बजावलं: डब्यातलंच खा, दहीभात आहे, वाटेत कुठे काही घेऊ नको. ह्यांनी तीन वेळा मान हलवली. पुढचे दिवस कसे गेले ते सांगत नाही. मी रोज टपालवाल्याची वाट बघायची आणि त्या वाट बघत नाही असं दाखवायच्या.

सहाव्या दिवशी पत्र आलं. मी वाचलं: वेळेवर हजर झालो. टेबल खिडकीपाशी मिळालं. खोली दोघांना पुरेल. झाशीला गाडी बराच वेळ उभी होती, भूक लागली, डबा आधीच संपला होता, म्हणून स्टेशनवरची पुरीभाजी खाल्ली. पोट ठीक आहे.

"परत वाच," सासूबाई म्हणाल्या. "पुरीभाजीचं."

मी परत वाचलं.

"किती पुऱ्या?"

"लिहिलं नाही."

"पोट ठीक आहे असं कधीचं लिहिलंय? त्याच दिवशीचं की नंतरचं?"

मी तारीख बघितली. हे भोपाळला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी पत्र लिहिलेलं होतं. म्हणजे तीन दिवस पुऱ्या आत होत्या आणि काही झालं नव्हतं. सासूबाईंनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं.

"मूर्ख आहे," त्या म्हणाल्या. "स्टेशनवरची. इतकं सांगून." डोळे पुसले त्यांनी, पण रागावल्यासारखं करून. मग उठल्या आणि माळ्यावरून माझी ट्रंक खाली ओढायला लागल्या. मी मदतीला धावले.

"असल्या माणसाला एकटं ठेवायचं नाही," त्या म्हणाल्या. "परवाच्या गाडीनं जा."